शटर पडल्यानंतरचा सिनेमा: दुकानातल्या कंटाळ्यावर, कमी पैशांत

दोन वर्षं काउंटरमागे उभं राहिलेल्या कुणालाही एकदा तरी वाटतं, की यावर सिनेमा निघेल. गिऱ्हाईक किमतीची चिठ्ठी चिकटवलेली वस्तू हातात धरून 'कितीला?' विचारतं. मालक 'जरा लक्ष असू दे' म्हणून चार तास गायब होतो. सोबतचा मित्र खोक्यांच्या थप्पीवर बसून आयुष्यावर व्याख्यान झोडतो. सगळा ऐवज समोर आहे, फक्त कॅमेरा लावायचा बाकी.

मीही असंच समजून सुरुवात केली होती. पहिला सिनेमा ५२ मिनिटांचा झाला आणि तो बघताना माझ्या सख्ख्या बहिणीनं दोनदा फोन उघडला. दुसरा बरा जमला. या दोन्हींच्या मधे जे कळलं, ते क्रमानं लिहितो. कॅमेरा कुठला घ्यावा याबद्दल इथे फारसं काही मिळणार नाही. हाताशी असेल तो चालतो. आमचं घोडं कधीच कॅमेऱ्यापाशी अडलं नाही. अडलं ते फ्रीजपाशी, घड्याळापाशी आणि दुसऱ्या पानावर.

## १. आधी दुकान मिळवा, मग लिहा

पटकथा तयार आणि आता लोकेशन शोधू, ही पहिली चूक. मी तीन लांब रांगांचं दुकान डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं होतं. एक पात्र पहिल्या रांगेत लपतं, दुसरं तिसऱ्या रांगेतून हाका मारतं, असे पाठलाग. प्रत्यक्षात मिळालं ते एक काउंटर, दोन भिंतींना रॅक आणि मागे खोली म्हणावी की कोनाडा, असा प्रश्न पडेल एवढी जागा. निम्मे विनोद तिथेच मेले.

या प्रकारातला सगळ्यांना ठाऊक असलेला सिनेमा म्हणजे १९९४ चा 'क्लर्क्स'. केव्हिन स्मिथ न्यू जर्सीतल्या लिओनार्डो गावात 'क्विक स्टॉप' नावाच्या दुकानात काम करायचा. त्यानं त्याच दुकानावर लिहिलं आणि त्याच दुकानात चित्रीकरण केलं. दिवसा काउंटरवर नोकरी, रात्री त्याच काउंटरवर शूटिंग. खर्च २७,५७५ डॉलर, आणि तो क्रेडिट कार्डं, कॉमिक्सचा संग्रह विकून आलेले पैसे अशा जोडाजोडीतून उभा राहिलेला. पैशांचा हा आकडा सगळे तोंडपाठ सांगतात. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट: लिहिणाऱ्याला त्या दुकानाची फळी न् फळी माहीत होती. कुठल्या कोपऱ्यात उभं राहिलं की मालकाला दिसत नाही, हे त्याला शोधावं लागलं नाही.

तेव्हा ज्या दुकानात तुम्ही, तुमचा मित्र किंवा नात्यातलं कुणी काम करतं, तिथून सुरुवात करा. मालकाला विचारताना 'एकच दिवस लागेल' असं सांगू नका. एक दिवस कधीच पुरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तुमचा शब्द संपलेला असतो. किती रात्री लागतील, किती माणसं येतील, काय हलवावं लागेल, वीज किती जळेल, तुटलं-फुटलं तर कोण भरेल, हे आधीच बोलून घ्या. मालकाच्या पुतण्याला एखादी भूमिका द्यावी लागेल हेही गृहीत धरा. आमच्याकडे त्या पुतण्यानं सिनेमातलं सर्वांत चांगलं काम केलं, तो भाग वेगळा.

दुकान मिळालं की लिहायच्या आधी तिथे दोन पूर्ण शिफ्ट नुसते बसा. एक सकाळची, एक शटर पाडायच्या वेळची. कागदावर जागेचा नकाशा काढा: दार, काउंटर, खिडक्या, स्विचबोर्ड, फ्रीज, कॅमेरा उभा राहू शकेल असे कोपरे. हा नकाशा पटकथा लिहिताना समोर भिंतीवर हवा.

## २. कंटाळ्याची वही ठेवा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, कारण त्यांना वाटतं सगळं लक्षात आहे. लक्षात राहतात ते मोठे प्रसंग: भांडण, चोरी, दारू पिऊन आलेला माणूस. ते कुठल्याही सिनेमात असतात. कंटाळलेला माणूस काय काय करतो, ते मात्र लक्षात राहत नाही, कारण करताना तो भानावर नसतो.

वहीत असल्या गोष्टी यायला हव्यात. पावतीच्या रोलवर चित्रं काढणं. बारकोड स्कॅनरचा लाल प्रकाश मित्राच्या कपाळावर धरणं. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत ते काय घेणार यावर पैज लावणं. सुट्ट्या नाण्यांचे मनोरे. लेबलं सरळ केलेली रांग पुन्हा वाकडी करून पुन्हा सरळ करणं, कारण मालक आला तर हात रिकामे दिसायला नकोत. एकच गाणं दिवसातून अकरा वेळा वाजल्यावर त्याच्या ओळींचे बदललेले शब्द.

गिऱ्हाइकांसाठी वेगळं पान. नाव-गाव नको, फक्त सवयी. सगळा माल काउंटरवर मांडून झाल्यावर पाकीट शोधणारा. सगळी अंडी उघडून बघणारी. 'मी मालकाला ओळखतो' म्हणणारा, ज्याला मालक ओळखत नाही.

मी तीन आठवडे वही ठेवली आणि पहिल्या पटकथेतले जवळजवळ सगळे विनोद काढून टाकले. वहीतले जास्त चांगले होते.

## ३. पटकथा: एक शिफ्ट, एक अडकलेला माणूस

गोष्ट एका दिवसात, शक्य तर एका शिफ्टमध्ये बसवा. याची कारणं निव्वळ व्यवहाराची आहेत. कपडे एकच. केस-दाढी एकच. जागा एकच. आणि शटर उघडलं की सुरू, पडलं की संपलं, अशी चौकट आयती मिळते.

पण चौकट म्हणजे गोष्ट नव्हे. माझ्या पहिल्या सिनेमात दोन मुलं काउंटरमागे बसून ५२ मिनिटं गमतीदार बोलतात. प्रत्येक संवादाला लोक हसले आणि विसाव्या मिनिटाला घड्याळ बघू लागले. कंटाळा पात्रांना यायला हवा होता. तो सगळा मी प्रेक्षकांच्या पदरात घातला.

उपाय साधा निघाला. मुख्य पात्राला त्या दिवशी दुसरीकडे कुठेतरी असायलाच हवं. मुलाखत, लग्न, परीक्षा, सामना, काहीही. 'क्लर्क्स'मधल्या डांटेची तर त्या दिवशी सुट्टी असते. मालकानं ऐनवेळी बोलावून घेतलंय आणि आपण इथे असायलाच नको होतं हे रडगाणं तो दिवसभर गातो. एवढ्या एका गोष्टीमुळे येणारं प्रत्येक गिऱ्हाईक अडथळा होतं, आणि अडथळा झाला की विनोदाला धार येते. तेच गिऱ्हाईक, तोच प्रश्न, पण आता विचारणाऱ्याकडे बघून आपलाही जीव कासावीस होतो.

दुसरं पात्र उलट हवं: ज्याला कुठेच जायचं नाही. एकाला पळायचंय, दुसरा मजेत आहे. दोघंही कुरकुरणारे असले की पाच मिनिटांत सूर एकच होतो.

दर दहा पानांनी दुकानात काहीतरी बदलू द्या. वीज जाते, फ्रीज बंद पडतो, गल्ल्यात पैसे कमी भरतात, मालकाचा फोन येतो. मोठं काही नको. दुकानातल्या संकटांचं माप लहान असतं आणि गंमत तिथेच आहे. चार नाण्यांच्या तफावतीवरून दोन मुलं गुप्तहेरांसारखा तपास करतात, हे दरोड्यापेक्षा जास्त हसवतं.

शेवटाबद्दल एक सावधगिरी. कंटाळा दाखवता दाखवता लेखकाला अचानक गंभीर व्हावंसं वाटतं. 'क्लर्क्स'च्या पहिल्या आवृत्तीत शेवटी दरोडेखोर येऊन डांटेला गोळी घालतो. सुरुवातीला बघणाऱ्या जाणकारांनी तो शेवट काढायला सांगितला आणि तो निघाला. मीही माझ्या नायकाला शेवटी नोकरी सोडून उगवत्या सूर्याकडे चालत नेलं होतं. आता त्या जागी तो शटर पाडतो, कुलूप लावतो आणि पिशवी आत राहिल्याचं त्याला आठवतं. लोक हसतात, आणि त्याला उद्या परत यायचंच आहे हेही कळतं.

पानांचा हिशेब: एक पान म्हणजे एक मिनिट असं धरतात, पण भराभर बोलणाऱ्या विनोदी संवादांत पान लवकर संपतं. मोठ्यानं वाचून घड्याळ लावा. आणि पहिलाच प्रयत्न असेल तर १५ ते २० मिनिटांचा करा. 'कॅशबॅक' नावाचा एक ब्रिटिश सिनेमा आहे, सुपरमार्केटमध्ये रात्रपाळी करणाऱ्या चित्रकलेच्या विद्यार्थ्याचा. तो आधी २००४ मध्ये लघुपट होता, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला, आणि नंतर तोच वाढवून २००६ मध्ये पूर्ण लांबीचा झाला. लघुपटाचं चित्रीकरण मोठ्या सिनेमात वापरलं गेलं. लहान करून ठेवलेलं वाया जात नाही.

## ४. कागदपत्रं

कंटाळवाणं प्रकरण आहे, पण हे नसेल तर सिनेमा तुमच्याच कपाटात राहतो. सही चित्रीकरणाच्या आधी घ्यायची. नंतर माणसं सापडत नाहीत किंवा रुसलेली असतात.

- दुकानमालकाचं लेखी परवानगीपत्र: तारखा, वेळा, दुकानाची पाटी दाखवायला संमती, नुकसानभरपाईची अट. जागा भाड्याची असेल तर मूळ जागामालकालाही विचारावं लागतं. हे आम्हाला तिसऱ्या रात्री कळलं.
- पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येकाचं संमतीपत्र, मित्रांसकट. अल्पवयीन असेल तर पालकांची सही.
- लेखक तुम्ही एकटे नसाल तर पटकथेचे हक्क कुणाकडे, याचा एक पानी करार.
- संगीताचा परवाना, किंवा संगीत तुमच्यासाठी बनवणाऱ्याशी करार.
- रस्त्यावर, पदपथावर कॅमेरा लावणार असाल तर तिथल्या यंत्रणेची परवानगी. नियम जागोजागी वेगळे असतात, स्वतः विचारून घ्या.
- विमा परवडत असेल तर घ्या. निदान भाड्यानं आणलेल्या सामानाचा तरी.

दुकानातला सापळा म्हणजे ब्रँड. चारही भिंतींवर दुसऱ्यांची बोधचिन्हं. पाठीमागे ओझरती दिसणारी पाकिटं ही एक गोष्ट, आणि एखाद्या वस्तूचं नाव घेऊन ती खराब आहे असा विनोद करणं ही अगदी दुसरी. ज्या वस्तूला विनोदात काम आहे ती स्वतः बनवा: खोटं नाव, खोटं लेबल, घरच्या प्रिंटरवर छापलेलं. आमच्या खोट्या साबणाचं नाव कथेतला सर्वांत जास्त लक्षात राहिलेला विनोद ठरलं, आणि ते सुचलं वकिलाच्या भीतीनं.

खरं गिऱ्हाईक फ्रेममध्ये येऊ देऊ नका. चालू दुकानात 'चोरून' घेतलेले शॉट जिवंत वाटतात खरे, पण त्यातल्या एकानं हरकत घेतली की सीन गेला.

## ५. माणसं

दोन मुख्य भूमिकांसाठी देखणी माणसं शोधू नका. एकमेकांना कंटाळलेली शोधा. बरीच वर्षं मैत्री असलेली जोडी मिळाली तर निम्मं दिग्दर्शन फुकट मिळतं. 'क्लर्क्स'मध्ये डांटेच्या मित्राचं, रँडलचं, काम करणारा जेफ अँडरसन हा दिग्दर्शकाचा शाळेपासूनचा मित्र, अभिनयाचा अनुभव नसलेला. सिनेमा तोच खाऊन टाकतो.

तालमी मात्र भरपूर हव्यात. तीन-चार आठवडे, रोज तासभर, जमिनीवर खडूनं काउंटर आखून. संवाद पाठ असणं पुरेसं नाही. हातात काहीतरी काम असताना संवाद यायला हवेत. लेबलं लावता लावता, पैसे मोजता मोजता, नजर वर न करता. या सिनेमातली माणसं गमतीदार बोलत आहेत हे त्यांना स्वतःला कळता कामा नये. नटानं डोळे मोठे केले की समजा विनोद पडला.

लहान भूमिकांसाठी एकच माणूस दोन-तीनदा वापरा, टोपी-चष्मा बदलून. ओळखलं गेलं तरी बिघडत नाही, काउंटरमागून सगळी गिऱ्हाइकं तशीही सारखीच दिसतात.

पडद्यामागे निदान चार जण: कॅमेरा, आवाज, कंटिन्युइटी (आधीच्या शॉटमधल्या वस्तू-कपडे पुढच्याशी जुळतात का, हे बघणं), आणि एक जण जो फक्त जेवण, पाणी, किल्ल्या आणि मालक सांभाळेल. हे चौथं काम दिग्दर्शकानं स्वतःकडे घेतलं की दिग्दर्शन होत नाही. मी घेतलं होतं.

## ६. रात्री शूट, दिवसाची गोष्ट

दुकान दिवसा चालू असतं, म्हणून चित्रीकरण रात्री. पण गोष्ट दिवसाची. मग खिडकीबाहेरच्या काळोखाचं काय करायचं? 'क्लर्क्स'मधलं उत्तर या प्रकारातलं सर्वांत हुशार उत्तर आहे: कुणीतरी कुलपात च्युइंगगम कोंबलंय म्हणून शटर उघडतच नाहीत. गोष्टीतलं एक विघ्न, आणि बाहेरची रात्र झाकली गेली. दिवसभर शटर बंद असल्यामुळे 'दुकान चालू आहे, शपथ' अशी पाटी लावावी लागते, म्हणजे वरून एक विनोदही मिळाला.

ही युक्ती उचलू नका. सगळ्यांना ठाऊक आहे. पण तसा विचार करा. आम्ही काचेवर आतून 'नूतनीकरण चालू' म्हणून कागद चिकटवले आणि नूतनीकरण काय चाललंय हे दुकानात कुणालाच माहीत नाही, असा धागा लिहिला. कागदामागे एक दिवा ठेवला की दुपार झाली.

दिव्यांचा दुसरा त्रास म्हणजे रंग. एक ट्यूब पांढरी, दुसरी हिरवट, फ्रीजमधला दिवा निळा, काउंटरवरचा पिवळा. डोळा ते जुळवून घेतो, कॅमेरा घेत नाही. एकतर सगळ्या ट्यूब एका जातीच्या आणून बसवा आणि जाताना जुन्या परत लावा, नाहीतर सरळ कृष्णधवल करा. 'क्लर्क्स' १६ मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर आहे. त्यात पैसे वाचले आणि या रंगांच्या भांडणातूनही सुटका झाली.

ट्यूब आणि एलईडी कॅमेऱ्यात लुकलुकतात. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर कॅमेऱ्याचं शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, ६० हर्ट्झचा असेल तर १/६० किंवा १/१२०. तरीही आदल्या रात्री दहा मिनिटं चाचणी घेऊन मोठ्या पडद्यावर बघा. स्वस्त एलईडी कुठलाच नियम पाळत नाहीत.

आणि आरसा. चोर पकडण्यासाठी कोपऱ्यात लावलेला तो फुगीर गोल आरसा. आमच्या पहिल्या दोन रात्रींच्या प्रत्येक रुंद शॉटमध्ये, वर उजवीकडे, बूम, म्हणजे माइकची लांब काठी, धरलेला मुलगा जांभई देताना दिसतो.

## ७. आवाज: इथेच हरतात सगळे

संवादावर उभा असलेला सिनेमा आहे. चित्र दाणेदार असलं तरी लोक बघतात. शब्द कळला नाही तर हसणार कशाला? दुकानाइतकी आवाजाला वाईट जागा क्वचितच असेल: फरशी गुळगुळीत, छत खाली, आणि फ्रीजच्या वगैरे चार मोटर अहोरात्र घुरघुरत.

लागणारं सामान:

- बूमवर लावायचा, एकाच दिशेचा आवाज टिपणारा माइक आणि तो धरणारा, हात न दुखणारा माणूस
- दोन कॉलर माइक, मुख्य जोडीसाठी
- वेगळा रेकॉर्डर आणि हेडफोन. हेडफोन घातलेला माणूस 'पुन्हा' म्हणाला की पुन्हा, वाद नाही.
- जाड चादरी किंवा गोधड्या. फ्रेमबाहेरच्या भिंतींवर आणि फरशीवर
- चित्र आणि आवाज नंतर जुळवायला क्लॅप; पाटी नसेल तर टाळी
- जास्तीच्या बॅटऱ्या. मग त्याहून थोड्या जास्त.

फ्रीज बंद करावा लागतो. आणि रात्री चार वाजता थकून घरी जाताना तो सुरू करायचं कुणालाही आठवत नाही. आमच्या हातून एका रात्रीचं दूध गेलं आणि सकाळी मालकानं एकही शब्द न बोलता रिकामे कॅरेट माझ्यासमोर मांडले. त्यानंतर मला जुना उपाय समजला: फ्रीज बंद करताच स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रीजच्या आत ठेवायची. घरी जायचं तर फ्रीज उघडावाच लागतो. मालकाशी बोलून टेकच्या वेळीच बंद ठेवा, मधल्या वेळात चालू. बंद असताना दार मात्र उघडू नका.

प्रत्येक जागेचा निदान ३० सेकंद, शक्य तर मिनिटभर नुसता शांत आवाज रेकॉर्ड करा. सगळ्यांनी जागच्या जागी स्तब्ध. संकलन करताना दोन वाक्यांमधली भोकं त्यानंच भरतात. फ्रीज चालू असतानाचाही एक मिनिट घ्या: संपूर्ण सिनेमाभर तो हलका खाली वाजवला की दुकान दुकान वाटतं. म्हणजे जो आवाज जिवावर उठून बंद केला, तोच नंतर परत आणायचा.

## ८. कंटिन्युइटी, म्हणजे घड्याळ

भिंतीवरचं घड्याळ पहिल्याच दिवशी काढा. किंवा त्याचे सेल काढून त्याला गोष्टीत घ्या: या दुकानातलं घड्याळ बंदच आहे. आमचं पहिल्या सिनेमात चालू होतं, त्यामुळे एका तीन मिनिटांच्या संवादात ते पावणेदोनवरून सव्वाबारावर आणि तिथून साडेतीनवर जातं.

रॅकचे फोटो प्रत्येक सीनच्या आधी आणि नंतर काढा. दिवसा दुकान चालतं, माल विकला जातो, नवा लागतो. काल नायकाच्या डोक्यामागे असलेली लाल पाकिटं आज निळी झालेली असतात. नायकाच्या मागच्या दोन रॅकांपुरता माल मालकाकडून राखून ठेवता आला तर उत्तम. गल्ल्यातले खरे पैसे मालकानं रोज घरी न्यावेत आणि तुम्ही खेळण्यातल्या नोटा ठेवाव्यात. कॅमेऱ्यात त्यांचा फरक कळत नाही आणि मोजणीच्या वेळी कुणी कुणाकडे बघत नाही.

## ९. शॉट

थोडक्यात: कॅमेरा ठेवा आणि बाजूला व्हा. दोघं एका फ्रेममध्ये, लांब टेक. दोन माणसांमधला विनोद तोडून तोडून क्लोजमध्ये घेतला की ज्याला बोलणं ऐकावं लागतंय त्याचा चेहरा हरवतो, आणि खरं हसू त्या चेहऱ्यावर असतं. शिवाय वेळ वाचतो.

पण एक कसूर ठेवू नका. प्रत्येक लांब सीनसाठी दोन-तीन निरुपयोगी दिसणारे शॉट घ्या: हात नाणी मोजतोय, पंखा फिरतोय, दारावरची पाटी हलतेय. टेक चांगला पण मधेच नट हसला, तर याच पंख्यानं तुम्ही वाचता. आमच्या सिनेमात पंखा सात वेळा दिसतो. एका समीक्षक मित्राला त्यात काळाचं प्रतीक दिसलं, मी नाही म्हटलं नाही.

रात्रीला पाच पानांच्या वर नियोजन करू नका. तीन वाजल्यानंतर सगळ्यांना सगळंच विनोदी वाटतं. तेव्हाचे टेक दुसऱ्या दिवशी बघवत नाहीत.

## १०. संकलन, संगीत, शिव्या

पहिलं संकलन झालं की आठवडाभर बघू नका. मग ज्या विनोदावर तुम्ही स्वतः सर्वांत खूश आहात त्याच्या आधीचे दोन विनोद काढा. तो जास्त चालतो.

संगीत शेवटी आठवतं आणि तिथेच खिसा फाटतो. 'क्लर्क्स'मधल्या गाण्यांच्या हक्कांना लागलेला पैसा मूळ सिनेमाच्या खर्चापेक्षा जास्त होता. वितरक मिळाला म्हणून तो निघाला. तुम्हाला वितरक मिळेल असं धरून गाणी टाकू नका. दुकानातल्या रेडिओवर वाजणारं गाणं मित्राकडून मुद्दाम वाईट बनवून घ्या. आणि चित्रीकरणाच्या वेळी शेजारून खरं गाणं ऐकू येत असेल तर थांबा, कारण ते संवादातून नंतर वेगळं काढणं महाकठीण.

काउंटरमागची मुलं शिव्या देतात, हे खरंच आहे. 'क्लर्क्स'ला अमेरिकेत आधी 'एनसी-१७' हे सर्वांत कडक प्रमाणपत्र मिळालं होतं, तेही फक्त संवादांमुळे. अपिलात ते त्याहून सौम्य 'आर'वर आलं. तुमच्यामागे अपील करायला वकील उभे राहणार नाहीत. शिवी ठेवायची तिथे ठेवा, पण त्याच टेकचा एक सौम्य पर्यायही त्याच रात्री घेऊन ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

## ११. दाखवायचं कुणाला

महोत्सवांना पाठवा, नियम, लांबी आणि प्रवेश शुल्क नीट वाचून, दिसेल तिथे नव्हे. लोक आले नाहीत म्हणून खचू नका. १९९३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्वतंत्र सिनेमांच्या बाजारात 'क्लर्क्स' पहिल्यांदा दाखवला तेव्हा सभागृह जवळजवळ रिकामं होतं. त्या मोजक्या माणसांत एक जण असा होता की ज्यानं पुढे जाऊन दहा जणांना सांगितलं. जानेवारी १९९४ मध्ये सिनेमा सनडान्स महोत्सवात होता. उलट १९९५ चा 'एम्पायर रेकॉर्ड्स', कॅसेट-सीडीच्या दुकानातल्या एका दिवसाची गोष्ट, स्टुडिओच्या पैशांनी बनला आणि चित्रपटगृहांत सपशेल पडला. त्याचे चाहते जमले ते नंतर, घरोघरी व्हिडिओवर.

महोत्सवाच्या आधी मात्र एक खेळ दुकानात काम करणाऱ्यांसाठी ठेवा. सिनेमावाल्यांसाठी नको, ते प्रकाशयोजनेबद्दल बोलतात. आम्ही अकरा जणांना बोलावलं. ते आमच्या ठरलेल्या जागांवर हसले नाहीत. नायक गिऱ्हाइकाकडे न बघता 'आहे का बघतो' म्हणून मागच्या खोलीत जातो आणि नुसता उभा राहून परत येतो, तिथे मात्र बराच वेळ हसले. तो शॉट आम्ही संकलनात जवळजवळ काढलाच होता.

खेळ संपल्यावर मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, सगळं ठीक आहे, पण तुमची ती काउंटरवरची पोरगी पावतीचा रोल उलटा बसवते. तसा बसवला तर पावती कोरी येते. त्या कागदाच्या एकाच बाजूला छपाई उमटते. पुढच्या रविवारी रात्री आम्ही मालकाकडून पुन्हा किल्ली मागितली, फ्रीज बंद केला, गाडीची किल्ली आत ठेवली आणि तेवढा एक शॉट परत घेतला.